तराजूचे अर्धसत्य

चार वर्षांपूर्वी, दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना, आमच्या घरी नातीचा जन्म झाला. दिवस भरायला अजून नऊ आठवडे होते. वजन ११५० ग्रॅम. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढे मूल. तिला काचेच्या पेटीत ठेवले होते आणि आईचे काढलेले दूध नळीने देत होते. दहा-बारा दिवसांनी डॉक्टरांनी त्या दुधात एक पुडी मिसळायला सुरुवात केली. प्रथिने कमी पडतात, एवढेच ते म्हणाले. मी सरळ सुनेला विचारले, "का गं, दूध कसदार नाही का तुझं?" तिने उत्तर दिले नाही. भिंतीकडे तोंड फिरवले.

मी इतिहासाचा एम.ए.; तीस वर्षे मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या. त्या पुडीलाही काही इतिहास असेल, हे मला तरी सुचायला हवे होते. सुचले ते उशिरा. तो इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबविण्याची पेटी पाहिली आणि १८८० च्या सुमारास त्याच धर्तीवर अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऊबपेटी करवून घेतली. ज्याला चोखता येत नाही त्याला नळीने दूध देण्याची रीतही त्यांनीच रूढ केली. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तीन गोष्टींवर भर दिला: ऊब, आहार आणि रोगांपासून बचाव. दूध शक्यतो आईचे, नाहीतर दाईचे, आणि बाळाचे वजन नेमाने करायचे. तराजू या शास्त्रात आला तो असा. पुढे पाऊणशे वर्षे त्याचाच शब्द प्रमाण मानला गेला.

१९४७ साली न्यूयॉर्कमध्ये गॉर्डन, लेव्हिन आणि मॅकनमारा यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. काही बाळांना मानवी दूध, काहींना साय कमी केलेल्या गाईच्या दुधाचे मिश्रण. दुसऱ्या गटाचे वजन झपाट्याने वाढले. झाले! अनेक रुग्णालयांत अशा बाळांसाठी आईचे दूध मागे पडले. गाईच्या दुधात प्रथिने सुमारे तिप्पट आणि क्षारही पुष्कळ. पण क्षार जास्त झाले की शरीरात पाणी साठते. वाढलेल्या वजनातला काही भाग त्या पाण्याचाच होता, हे नंतरच्या संशोधनात उघड झाले. तराजू खोटे बोलला नव्हता. त्याने अर्धेच सांगितले होते.

उरलेले अर्धे १९७४ मध्ये कळले. गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी काही बाळांना २ टक्के, तर काहींना ४ टक्के प्रथिनांचे दूध दिले होते. मुले मोठी झाल्यावर त्यांना पुन्हा तपासले. जन्माच्या वेळी १३०० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्यांपैकी ज्यांना जास्त प्रथिने मिळाली होती, त्यांच्यात कमी बुद्ध्यंक आणि तिरळेपणा अधिक आढळला. कोवळ्या यकृताला आणि मूत्रपिंडांना तो भार पेलण्याजोगा नव्हता.

मग आईचे दूध पुरेसे होते काय? इथे थोडे गणित करू. एक किलो वजनाचे बाळ दिवसाला साधारण १६० मिलिलिटर दूध पिते. काही आठवड्यांनंतरच्या आईच्या दुधात दर १०० मिलिलिटरला सुमारे १ ग्रॅम प्रथिन असते. म्हणजे मिळाले १.६ ग्रॅम. पोटात असताना गर्भ ज्या वेगाने वाढतो तो वेग राखायला आज ३.५ ते ४ ग्रॅम लागतात असे मानतात. १९७८ साली टोरांटोमध्ये ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिने जास्त असतात. निसर्ग आपल्या परीने हात देतो. पण ते प्रमाण काही आठवड्यांत उतरते.

आईचे दूध सोडून मात्र चालत नाही. इंग्लंडमध्ये ॲलन लुकास यांनी १९८२ पासून शेकडो बाळांचा अभ्यास केला. १९९० साली त्यांनी ९२६ बाळांची आकडेवारी दिली: केवळ डब्याच्या दुधावर असलेल्यांत आतडे कुजण्याचा प्राणघातक विकार, केवळ मानवी दुधावरच्यांपेक्षा ६ ते १० पट होता.

यातून मधली वाट निघाली. १९८० च्या दशकात पुडी आली: दूध आईचेच, त्यात प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची मोजकी भर. बाळ रुग्णालयात असेतो वजन, लांबी आणि डोक्याचा घेर, तिन्ही यामुळे थोडे अधिक वाढतात. पुढच्या बुद्धीबद्दल मात्र ठोस पुरावा नाही. पुडी म्हणजे जादू नव्हे. २००६ साली मिलानच्या अर्सलानोग्लू, मोरो आणि अमेरिकेचे झीगलर यांनी आणखी एक पाऊल टाकले: रक्तातील युरिया पाहून प्रत्येक बाळासाठी भर कमी-जास्त करायची. सर्वांना एकच माप लावणारा तराजू अखेर थोडा शहाणा झाला.

आपल्याकडेही या इतिहासाचे एक पान आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. ज्या आईला दूध नाही तिच्या बाळालाही मानवी दूध मिळू लागले. पेढीचे दूध बहुधा दिवस भरून बाळंत झालेल्या बायकांचे. त्यात प्रथिने आणखी कमी, म्हणून तिथेही पुडीची गरज भासतेच.

हे सारे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी सुनेसमोर कागद ठेवला आणि वरचे गणित मांडून दाखविले. दूध कितीही उतरले तरी त्या चिमुकल्या पोटात मावणार किती? म्हटले, "कमी तुझ्या दुधात नव्हती, सूनबाई. नाळ नऊ आठवडे आधी सुटली, तिथे होती."

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर..."

पुढचे तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. नात यंदा बालवाडीत जाते. वर्गात तिच्याहून उंच मुले पुष्कळ आहेत. तिला कुणाशेजारी उभी करून मापायचे नाही, एवढा धडा म्हाताऱ्या मास्तराने घेतला आहे.