निकाल आणि आठवण

स्पर्धेचा निकाल लागला म्हणजे स्पर्धा संपली, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु निकाल कागदावर राहतो. लोकांच्या मनांत काय राहील, हें कोणासहि आधीं सांगतां येत नाहीं. इंग्लंडांतील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ह्या प्रश्नमंजूषेचा इतिहास ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

ही स्पर्धा १९६२ सालीं ग्रॅनडा टेलिव्हिजनवर सुरू झाली. चार चार विद्यार्थ्यांचे दोन संघ समोरासमोर बसतात. मुख्य प्रश्न ज्यानें त्यानें एकट्यानेंच सोडवावयाचा. आधीं कळ दाबून बरोबर उत्तर देईल त्यास १० गुण. मग त्याच्या संघास आपसांत विचार करून सोडविण्यासाठीं तीन पोटप्रश्न, प्रत्येकीं ५ गुणांचे. प्रश्न मध्येंच तोडून चुकीचें उत्तर दिलें तर ५ गुण वजा. ज्ञानाबरोबर धीराचीहि परीक्षा पाहणारा हा नियम मोठा मार्मिक आहे.

परंतु प्रवेशाच्या नियमांत एक वैगुण्य होतें. ऑक्सफर्ड-केंब्रिजचीं निरनिराळीं कॉलेजें आपापले स्वतंत्र संघ पाठवीत. मँचेस्टरसारख्या विशाल विद्यापीठाचा मात्र सगळ्यांचा मिळून एकच. १९७५ सालीं मँचेस्टरच्या चौघांनीं ह्याचा निषेध करावयाचें ठरविलें. मग प्रश्न कोणताहि असो, उत्तर ‘मार्क्स’, ‘लेनिन’, ‘ट्रॉट्स्की’ किंवा ‘चे गव्हेरा’! सामना अर्थात् हातचा गेला, आणि पुढें कांहीं वर्षें त्या विद्यापीठास प्रवेशबंदीहि झाली. १९७५ चें विजेतेपद ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजानें मिळविलें. त्या विजयाची आठवण आज क्वचितच कोणी काढतो. हरलेल्यांची गोष्ट मात्र अजून सांगितली जाते.

दुसरा प्रसंग २००९ सालचा. अंतिम सामन्यांत ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्ती कॉलेजानें २७५ विरुद्ध १९० गुणांनीं मँचेस्टरचाच पराभव केला. संघनायिका गेल ट्रिंबल हिच्या बुद्धिमत्तेचा जिकडे तिकडे बोलबाला झाला. परंतु थोड्याच दिवसांत असें उघडकीस आलें, कीं संघांतील एक जण अंतिम सामन्याच्या वेळीं त्या कॉलेजाचा विद्यार्थी राहिलाच नव्हता. विजेतेपद मँचेस्टरकडे गेलें. उत्तरें खरीं होतीं, गुणहि खरे होते. केवळ उत्तर देणाऱ्याचा अधिकार सरला होता.

मँचेस्टरनें २००६, २००९, २०१२ व २०१३ असें चार वेळां हें विजेतेपद मिळविलें आहे. कॉलेजांचे स्वतंत्र संघ अजूनहि येतातच. म्हणजे ज्या नियमावर रोष होता, त्याच नियमाखालीं हें यश मिळालें. एवढ्यावरून १९७५ ची तक्रार खोटी होती असें कोणी म्हणेल, तर तें मला पटत नाहीं. अडचणींतून कोणी वर आला म्हणून अडचण न्याय्य ठरत नाहीं.

आमच्याकडील प्रश्नमंजूषांना मी अनेक वर्षें परीक्षक म्हणून बसत आलों आहें. जिंकलेल्या मुलांचे उजळलेले चेहरे पाहून मलाहि आनंद होतो. परंतु जवळच्याच खेड्यांतील शाळेचा संघ येथें कां आला नाहीं, हा प्रश्न आम्हां परीक्षकांच्या यादींत आजवर कधींच नव्हता. आणि तो कोणी विचारला असता, तर त्याचें उत्तर मुलांना नव्हे, आम्हांलाच द्यावें लागलें असतें.