कृष्णधवल ‘पिंजरा’

चित्रपटाचे इतिहासकार चित्रगृहातले आठवडे मोजतात; घरी पाहणाऱ्याचे मत त्यांच्या वहीत सहसा येत नाही. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा; मुंबई दूरदर्शनही त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला सुरू झाले. चित्रपट रंगीत, पण दूरदर्शनवर रंग आला १९८२ साली. शेजाऱ्यांकडे सतरंजीवर दाटीवाटीने बसून मी तो पाहिला, तेव्हा तमाशाचा फड, संध्याचे पोशाख, सारेच राखाडी होते. (शिवाय मध्येच बातम्या!) उरला तो डॉ. श्रीराम लागूंचा चेहरा. स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभ्या असलेल्या त्या मास्तराचा ध्येयवाद मला अहंकारी वाटला, चंद्रकलेची बाजू अधिक प्रामाणिक.

पुढे व्हिडिओ कॅसेटवर रंगीत प्रत पाहिली; लावण्यांनीच डोळे व्यापले, मास्तर मागे सरकला. माझे पहिले मत जाणकार अपुरे ठरवतील. पण ‘पिंजरा’ ज्यावर बेतला तो ‘द ब्लू एंजल’ हा १९३० चा जर्मन चित्रपट कृष्णधवलच होता. परवा संगणकावर ‘पिंजरा’ लावला, तेव्हा रंग मुद्दाम काढून टाकले.