झॅपा, फ्रँक

झॅपा, फ्रँक : (२१ डिसेंबर १९४०–४ डिसेंबर १९९३). अमेरिकन रॉक संगीतकार व गिटारवादक. जन्म बॉल्टिमोर येथे. हयातीतच त्याचे साठाच्या आसपास अल्बम निघाले. ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या आपल्या बँडसह केलेला पहिलाच अल्बम ‘फ्रीक आउट!’ (१९६६) दुहेरी होता. डू-वॉप, जाझ, एदगार व्हारेझच्या वळणाचे वाद्यवृंदसंगीत आणि उघड चावट गाणी, असा हा पसारा पाहून नवा श्रोता बिचकतो. पण पसारा विस्कळीत मात्र नाही. झॅपा आपले सारे काम एकच सलग रचना मानी, आणि त्याचा पुरावा ध्वनिमुद्रणांतच सापडतो. १९६७ मध्ये त्याने काही जणांना ग्रँड पियानोत डोके घालून गप्पा मारायला लावल्या. पेडल दाबून ठेवल्यामुळे बोलण्याबरोबर तारा गुंजत राहिल्या. त्यांतले काही तुकडे ‘लम्पी ग्रेव्ही’त आले, तर काही थेट १९९४ च्या ‘सिव्हिलायझेशन फेझ थ्री’त. ‘जोज गॅराज’मधील (१९७९) बहुतेक गिटारवादन मैफलींतून उचलून भलत्याच गाण्यांवर बसवलेले आहे, तरी ते विलक्षण जिवंत वाटते.

त्याने निवड न करता सगळेच बाजारात आणले, असा आक्षेप घेतला जातो. काही विनोद शिळे झाले, स्त्रियांविषयीची काही गाणी खटकतात, हे खरेच. परंतु जिथे जुने मुद्रण नव्या कृतीचा कच्चा माल ठरते, तिथे कठोर चाळणी लावली असती तर हे दुवेच तुटले असते. म्हणून निवडक गाण्यांच्या संग्रहापेक्षा, बहुतांशी वाद्यसंगीताचा ‘हॉट रॅट्स’ (१९६९) आधी ऐकावा आणि तिथून मागेपुढे जावे.