वऱ्हाडातल्या जिनांची धूळ

सरकी काढताना कापसातून उडणाऱ्या धुळीत तुटलेले तंतू, वाळल्या पत्तीचा चुरा, माती आणि जिवाणूंचे अवशेष असतात. वऱ्हाडात पूर्वी सरकी हातरेच्यावर निघे, तेव्हा ही धूळ घरोघरी थोडी थोडी उडे. 1853 मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला मागणी आली. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. पुढे अमरावती, अकोला, खामगाव येथे वाफेवरचे जिन आणि प्रेस उभे राहिले. घरोघरची धूळ आता एका छपराखाली साठू लागली. त्यानंतर अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या कापड गिरण्या आल्या. गिरणीत पिंजण खात्यातली धूळ सर्वांत दाट असते.

या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला फ्रेंच वैद्य आद्रियँ प्रूस्त यांनी 1877 मध्ये ‘बिसिनोसिस’ हे नाव दिले. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येणे ही त्याची खूण. लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी 1950 च्या दशकात तिचा पद्धतशीर अभ्यास केला. कापसाला चिकटलेल्या जिवाणूंचे अंतर्विष फुप्फुसात शिरते. तिथल्या भक्षकपेशी दाहाची रसायने सोडतात आणि श्वासनलिका आक्रसतात. वर्षानुवर्षे असे घडत राहिले, तर दम कायमचा जडतो.

  

कायद्याने मात्र आधी कापसाकडे पाहिले. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाना कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण सक्तीची केली, म्हणजे भेसळ कोणाची ते कळावे. बिसिनोसिसला कळवण्याजोग्या रोगांत स्थान मिळाले ते स्वातंत्र्यानंतर, 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत. गाठीतला कचरा मोजला गेला, तेव्हा कामगाराच्या छातीतली धूळ मोजणारे कोणी नव्हते.