मठांवर बंदी, रुग्णालयाची वाट : मदर मारिया क्लारा यांच्या भगिनीसंघाची कहाणी

जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील शेवटची धर्मभगिनी १८८५ मध्ये निवर्तली. सतराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या या मठात १८३४ च्या पोर्तुगीज हुकूमनाम्यानंतर एकाही नव्या भगिनीला प्रवेश मिळाला नव्हता. त्यानंतर वर्षभरातच, १८८६ मध्ये, पोर्तुगालहून वेगळ्या प्रकारच्या धर्मभगिनी गोव्यात आल्या. त्यांचे कार्य मठाच्या चार भिंतींआड नव्हते, तर आजारी, अनाथ आणि निराधार माणसांमध्ये होते. ‘निष्कलंक मातेच्या फ्रान्सिस्कन रुग्णसेविका भगिनी’ या संघाच्या त्या सदस्य होत्या आणि त्याच्या संस्थापिका होत्या मदर मारिया क्लारा.

पार्श्वभूमी

पोर्तुगालमधील यादवी युद्ध संपताच तेथील उदारमतवादी सरकारने मे १८३४ मध्ये पुरुषांचे सर्व धर्मसंघ बरखास्त केले. स्त्रियांचे मठ तत्काळ बंद झाले नाहीत. मात्र नव्या भगिनी घेण्यास मनाई झाल्याने शेवटच्या भगिनीच्या मृत्यूबरोबर मठही संपणार, हे ठरून गेले. पुढील वर्षी हेच धोरण गोव्यातही लागू झाले.

संस्थापिकेचे पूर्वायुष्य

मारिया क्लारा यांचे मूळ नाव लिबानिया दो कार्मो. त्यांचा जन्म १५ जून १८४३ रोजी लिस्बनजवळच्या आमादोरा येथे एका उमराव घराण्यात झाला. १८५६ आणि १८५७ मधील साथींनी त्यांचे आई-वडील हिरावून नेले आणि चौदाव्या वर्षीच त्या पोरक्या झाल्या. पुढे अजुदा येथील राजाश्रयाखालील अनाथालयात फ्रेंच भगिनींच्या देखरेखीखाली त्या वाढल्या. १८६२ मध्ये त्या भगिनींनाही देश सोडावा लागला. रोगराईने घर उद्ध्वस्त होणे म्हणजे काय आणि सेवा करणाऱ्यांनाच हुसकावले की आश्रितांची कशी परवड होते, हे दोन्ही अनुभव त्यांच्या वाट्याला कोवळ्या वयातच आले.

संघाची स्थापना

१८६७ मध्ये त्या लिस्बनमधील साव पात्रिसियो येथील आश्रमात दाखल झाल्या. तेथील मार्गदर्शक फादर रायमुंदो दोस आंजोस बेराव यांच्या मनात सेवाभावी भगिनींचा संघ उभारण्याचा विचार होता. परंतु देशात नवी व्रते घेण्यास कायद्याची आडकाठी होती. तेव्हा फेब्रुवारी १८७० मध्ये मारिया क्लारा यांना फ्रान्समधील कॅले येथील फ्रान्सिस्कन भगिनींकडे पाठविण्यात आले. १४ एप्रिल १८७१ रोजी त्यांनी तेथे व्रतग्रहण केले आणि ३ मे १८७१ रोजी लिस्बनमध्ये पहिला भगिनीसमुदाय स्थापन झाला.

१८७४ मध्ये सरकारने या संघाला धर्मसंघ म्हणून नव्हे, तर परोपकारी संस्था म्हणून मान्यता दिली. २७ मार्च १८७६ रोजी पोप नववे पायस यांनीही संमती दिली. मठाला जे शक्य नव्हते, ते सेवेच्या नावाने शक्य झाले. रुग्णालयांत आणि घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या या स्त्रियांची समाजाला गरज होती आणि हीच गरज त्यांचे संरक्षण ठरली.

‘हॉस्पिटल’, मडगावकरांच्या परिचयाचे ‘हॉस्पिसियो’ आणि या भगिनींच्या पोर्तुगीज नावातील ‘हॉस्पितालेइरा’ हे शब्द एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत. अतिथीचे आदराने स्वागत, हा त्यांचा मूळ अर्थ. रुग्ण, अनाथ वा वृद्ध कोणीही असो, त्याला पाहुण्यासारखे वागवावे, ही मारिया क्लारा यांची शिकवण होती.

गोव्यात आगमन

१८८३ मध्ये अंगोला व १८८६ मध्ये गोवा असा संघाचा समुद्रापार विस्तार झाला. पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ पासून डॉक्टर घडवीत होते. पण औषधोपचाराइतकीच गरज रात्रंदिवस रुग्णाजवळ राहणाऱ्या हातांचीही असते. त्या काळी गोव्याची धर्मव्यवस्था आजच्या राज्याच्या सीमेपुरती मर्यादित नव्हती. १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला, तो गोवा आणि पुणे येथील धर्मप्रांतांच्या भागांतूनच.

मर्यादा आणि संकटे

चर्चच्या नियमांमुळे धर्मभगिनींना प्रसूतिसेवेत भाग घेण्यावर दीर्घकाळ निर्बंध होते. मिशनकार्यातील भगिनींना वैद्यक आणि प्रसूतिशास्त्राचे दार उघडले, ते फेब्रुवारी १९३६ मधील व्हॅटिकनच्या आदेशाने. या बदलासाठी झटणाऱ्यांत ऑस्ट्रियन डॉक्टर ॲना डेंगेल यांचे नाव अग्रणी आहे.

दरम्यान, ऑक्टोबर १९१० च्या क्रांतीनंतर पोर्तुगालच्या प्रजासत्ताक सरकारने धर्मसंघांविरुद्धचे जुने कायदे पुन्हा अमलात आणले. सेवेचे कवच या वेळी पुरेसे ठरले नाही. धर्मसंघांना पोर्तुगालमध्ये पुन्हा कायदेशीर स्थैर्य लाभले, ते १९४० मध्ये सरकार व व्हॅटिकन यांच्यात झालेल्या करारानंतर.

वारसा

हे संकट पाहण्यास मारिया क्लारा हयात नव्हत्या. १ डिसेंबर १८९९ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले. अठ्ठावीस वर्षांच्या त्यांच्या नेतृत्वकाळात हजाराहून अधिक स्त्रिया संघात दाखल झाल्या. २१ मे २०११ रोजी लिस्बनमध्ये त्यांना ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले. संतपदाच्या आधीची ही पायरी होय.

ज्या कायद्याने सांता मोनिका मठाचे दार हळूहळू बंद केले, त्याच कायद्याच्या चौकटीतून या संघाने आपली वाट काढली. जेथे भले करता येईल तेथे ते करावे, हे त्यांचे साधे सूत्र आजही संघाच्या कार्याचा आधार आहे.