रंगाची कढई आणि फिकचा नियम

बडोद्याचं कलाभवन म्हटलं की आपल्या लोकांना आधी दादासाहेब फाळके आठवतात. ते तिथे शिकले हे खरंच. पण सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी ही शाळा उभी केली, ती मुख्यतः कारागिरांच्या हाताला शास्त्राची जोड द्यावी म्हणून; आणि गज्जर स्वतः रसायनवाले, रंगकामातले जाणकार.

कढईत सूत टाकलं की रंग आत कसा शिरतो? रंगारी सांगेल, ढवळत राहा, ऊब राखा, घाई करू नका. त्याचंच गणित १८५५ मध्ये आडोल्फ फिक याने मांडलं होतं. हा गृहस्थ इंजिनीअर नव्हे, शरीरशास्त्राचा अभ्यासक! जिथे दाट तिथून विरळ तिकडे पदार्थ सरकतो, आणि दाटपणाचा उतार जितका तीव्र तितका वेग जास्त. फूरिएने १८२२ मध्ये उष्णतेबद्दल हेच म्हटलं होतं, फिकने तो साचा उचलला. त्यातून निघतं ते असं की, बाकी सगळं तेच ठेवून धागा दुप्पट जाड घेतला तर रंग गाभ्यापर्यंत पोचायला चौपट वेळ लागतो. आणि ढवळायचं ते धाग्याला बिलगलेला संथ पाण्याचा पातळ थर आणखी पातळ व्हावा म्हणून.

उष्णता, पदार्थ आणि वाहत्या द्रवाचा संवेग, तिन्ही एकाच धाग्यात ओवणारं बर्ड, स्टुअर्ट आणि लाइटफूट यांचं जाडजूड पुस्तक आलं १९६० साली. तोवर कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील होऊन, त्याची तंत्रज्ञान विद्याशाखा झालेली होती. जुने बडोदेकर आजही तिला कलाभवनच म्हणतात.

मला खटकतं ते वेगळंच. गज्जरांचा आग्रह होता की हे शिक्षण देशी भाषेत व्हावं. त्यासाठी पुस्तकं, परिभाषा तयार करण्याची खटपटही झाली. पुढे वर्गात इंग्रजी आली ती आलीच. मीही तिथे ‘डिफ्यूजन’ घोकलं, ‘विसरण’ हा शब्द कानी पडला तो पदवी हातात पडल्यावर. पण रंगाऱ्याच्या गल्लीत ‘रंग बसला’, ‘रंग आत मुरला’ हे दोन वेगळे शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत होतो. एक पृष्ठभागाचा, एक गाभ्याचा. तो फरक परीक्षेत मला इंग्रजीत समजावता आला नव्हता.