गाडीवानाच्या हातांतला कागद

सावंतवाडीहून बांद्याला आणि बांद्याहून पत्रादेवीवरून गोव्यांत जाणारा रस्ता आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिला असेल. आपण त्या वाटेनें जातों तें देवदर्शनासाठीं किंवा हवापालटासाठीं. परंतु याच रस्त्यानें रात्रंदिवस मालमोटारी धांवत असतात, आणि त्यांतील प्रत्येक चालकाच्या बैठकीजवळ कागदांची एक पिशवी असते. गाडीचें नोंदणीपत्रक, विमा, गाडी सुस्थितींत असल्याचा दाखला, परवाना, मालाचें बिल, वाहतूकदाराची बिल्टी आणि ई-वे बिल, असा तींतला ऐवज असतो. यांतील कांहीं कागद आतां हातांतल्या फोनवर दाखवितां येतात. पण ते दाखवावे लागतातच.

आज या पिशवीचा पूर्वेतिहास सांगावा असें मनांत आहे. विषय रुक्ष वाटेल, हें मी जाणून आहें. परंतु त्याच्या पोटांत एक जुना प्रश्न दडलेला आहे. कर बसतो मालावर; माल असतो व्यापाऱ्याचा; मग वाटेंत जाब द्यावयाचा तो माल वाहणाऱ्यानें कां? या प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या काळीं निरनिराळें मिळालें आहे, आणि त्यांतील कांहीं महत्त्वाचे प्रसंग आपल्या सिंधुदुर्गाच्या भूमीवरच घडलेले आहेत.

प्रथम १६७१ सालाकडे वळूं. त्या वर्षीं शिवाजी महाराजांनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस मिठाच्या जकातीविषयीं एक पत्र पाठविलें. बारदेश १५४३ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता, आणि तेथील मीठ स्वस्त पडत असे. त्यामुळें उदमी लोक तिकडून मीठ भरून घाटावर नेऊं लागले. महाराजांच्या मुलखांतील संगमेश्वराकडील मिठाला गिऱ्हाईक राहीना. तेव्हां महाराजांची आज्ञा अशी, कीं बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी; आणि ती इतकी असावी, कीं खरेदी, वाहतूक व जकात मिळून तें मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षां महाग पडावें. तसें न केल्यास उदमी पोर्तुगीजांकडेच वळतील आणि आपलीं बंदरें ओस पडतील, अशी चिंता त्या पत्रांत आहे.

देशी धंद्याला संरक्षण देणाऱ्या जकातीचें हें उदाहरण अर्थशास्त्राचे अभ्यासक नेहमीं देतात, आणि तें योग्यच आहे. आपण मात्र तें दुसऱ्या बाजूनें पाहूं. जकात किती बसवावी हा हिशेब कचेरींत झाला. पण ती वसूल व्हावयाची घाटाच्या पायथ्याशीं, चौकीवर. तेथें उभा असे तो बैलांचा तांडा घेऊन आलेला वाहतूकदार. मिठाच्या गोण्या वर न्यावयाच्या आणि देशावरचें धान्य खालीं आणावयाचें, हा त्याचा धंदा. मीठ बारदेशचें कीं संगमेश्वरचें, हें केवळ चव पाहून सांगतां येत नाहीं. तें सांगावयाचें तें कागदानेंच. मालाचा उगम कोठला, हें लिहून दाखविण्याची गरज भिन्न दरांच्या जकातीबरोबरच जन्माला येते. आणि तो कागद सांभाळण्याचें काम ओझें वाहणाऱ्याकडे येतें, कारण वाटेवर तेवढा एकच मनुष्य हजर असतो.

समुद्रावरहि याहून निराळी स्थिति नव्हती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनीं या किनाऱ्यावर कर्ताजची पद्धत चालविली. कर्ताज म्हणजे जहाजाचा परवाना. जहाज कोणतें, नाखवा कोण, जाणार कोठें, शस्त्रें किती, हें सर्व त्यांत लिहिलेलें असे. आणि पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरण्याची अट त्याला जोडलेली असे. कर्ताज नसल्यास किंवा त्यांतील अट मोडल्यास मालासकट जहाज जप्त होई. १६६४ सालीं मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्याच्या अनेक कारणांपैकीं एक कारण हेंहि होतें, कीं आपल्या समुद्रांत कोणाचा कागद चालावा, हें दुसऱ्यानें ठरवूं नये.

पुढें पेशवाईंत जकातीचें जाळें फार दाट झालें. माल जेथें भरला जाई तेथें ‘थळभरीत’, आणि जेथें उतरून विकला जाई तेथें ‘थळमोड’, हे शब्द आपल्या जुन्या कोशांत आजहि सांपडतात. मधल्या मार्गांत प्रत्येक महालाची चौकी वेगळी, आणि कांहीं ठिकाणीं जहागीरदाराचीहि वेगळी. जकात बैलाच्या ओझ्यावर मोजली जाई. एकच गोणी दहा ठिकाणीं मोजली गेली, तर दहा वेळां थांबणें आलें; आणि जनावराला उभें ठेवून चारा घालणें म्हणजे वाहतूकदाराचा धडधडीत तोटा.

या अडचणींतून आपल्याच लोकांनीं एक युक्ति काढली. ती म्हणजे हुंडेकरी. मोठ्या बाजारपेठांतून असे गृहस्थ असत, कीं ते ठराविक एकरकमी मोबदला घेऊन माल सर्व मुलखांतून पार करून देण्याची हमी घेत. वाटेंतल्या जकातदारांशीं त्यांचा परस्पर हिशेब असे, आणि जकातीच्या रकमेबद्दल तेच जबाबदार असत. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या हुंडेकऱ्यांचें वर्णन आहे. नाना करांचा जाच यांच्यामुळें सुसह्य होई, असा त्याचा अभिप्राय दिसतो.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हुंडेकऱ्यानें कर कमी केला नाहीं. एकहि चौकी उठविली नाहीं. त्यानें केलें तें इतकेंच, कीं जाब देण्याचें काम बैल हांकणाऱ्याच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या वहींत घेतलें. हिशेबाची जागा रस्त्यावरून पेढीवर गेली. वाहतुकीच्या इतिहासांत ही लहान सुधारणा नव्हे.

इंग्रजी अमलांत १८३८ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील वाटेवरच्या जकाती उठल्या. तथापि बारदेशाकडील सरहद्द परराज्याची असल्यामुळें तेथील चौक्या कायम राहिल्या. १८७८ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांच्यांत तह झाला आणि १८८० पासून बारा वर्षें ही जकातीची सरहद्दहि उठली. मात्र त्या बदल्यांत गोव्यांतील मीठ तयार करण्याचा मक्ता इंग्रजांकडे गेला, आणि पोर्तुगीज सरकारास भरपाईदाखल सालीना चार लक्ष रुपये मिळूं लागले. गाडीवानाची वाट मोकळी झाली; मिठागरांवर राबणाऱ्यांचा धंदा मात्र बुडाला. १८९२ सालीं तहाची मुदत संपली आणि चौक्या पुनः उभ्या राहिल्या.

मिठाची ही कथा पुढें वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यास येते. १९३० च्या मे महिन्यांत तेथील मिठागरांवर सत्याग्रह झाला. १ एप्रिल १९४७ पासून मिठावरील कर रद्द झाला. १९५५ सालीं गोव्याची नाकेबंदी होऊन हा रस्ताच बंद पडला. आणि १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाल्यावर जुनी परराज्याची सरहद्द नाहींशी झाली.

एवढें झालें म्हणून मालमोटारीचा चालक मोकळा झाला काय? तसें झालें नाहीं. परराज्याची सीमा गेली, पण विक्रीकराचे दर प्रांतोप्रांतीं निराळे राहिले. आणि शहरांच्या वेशीवरची जकात तर नांवासकट टिकली. मालवणाहून निघालेली गाडी मुंबईच्या वेशीवर आली, कीं तिला जकात नाक्याच्या रांगेंत उभें राहावें लागे. नगरपालिकांची जकात १९९९ मध्यें उठली. मुंबईची मात्र १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला तेव्हां. शिवकालांतला तो शब्द आपल्या डोळ्यांदेखत व्यवहारांतून गेला.

त्याच्या जागीं आतां ई-वे बिल आलें आहे. परप्रांतीं जाणाऱ्या मालासाठीं तें १ एप्रिल २०१८ पासून, आणि महाराष्ट्रांतल्या महाराष्ट्रांत २५ मे २०१८ पासून लागू झालें. परप्रांतीं जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरील करपात्र मालाला तें साधारणतः लागतें; राज्यांतल्या राज्यांत ही मर्यादा एक लक्ष आहे. माल कोणाचा, कोणाकडे, किंमत किती, गाडीचा क्रमांक काय, हें सर्व संगणकावर भरावयाचें. २०२१ पासून दर दोनशें किलोमीटरांस एक दिवस अशी त्याची मुदत मोजली जाते. मालवण ते मुंबई हें अंतर सुमारें पांचशें किलोमीटर. म्हणजे मुदत तीन दिवसांची. घाटांत दरड कोसळली किंवा गाडी नादुरुस्त झाली, तर मुदत संपण्यापूर्वीं किंवा संपल्यानंतर आठ तासांच्या आंत ती वाढवून घ्यावी लागते.

या व्यवस्थेनें चौकीवरच्या लांबच लांब रांगा गेल्या, हें मोठेंच काम झालें. परंतु आपला मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. ई-वे बिल बहुधा माल पाठविणारा किंवा वाहतूकदाराचा कारकून भरतो. कायदा मात्र कागद दाखविण्यास सांगतो तो गाडी ज्याच्या ताब्यांत आहे त्याला, म्हणजे चालकाला. त्यांत दोष निघाला, तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात. नोटीस काढण्यास सात दिवस आणि त्यानंतर निकाल देण्यास सात दिवस, अशी कायद्याची मुदत आहे. २०२२ पासून मालक पुढें आला, तर करपात्र मालावर कराच्या दुप्पट दंड बसतो. दंड भरतो तो मालक किंवा वाहतूकदार. पण ते दिवस गाडीजवळ बसून काढतो तो चालक. वेंगुर्ल्याचा काजूगर घेऊन निघालेल्या एखाद्या चालकानें तो कागद लिहिलेला नसतो, आणि पुष्कळदां वाचलेलाहि नसतो.

सरकारच्या हें ध्यानांत आलें नाहीं असें नाहीं. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानें किरकोळ चुकांची यादीच दिली: गाडीच्या क्रमांकांत एखाददुसरा अंक चुकणें, करनोंदणी क्रमांक बरोबर असतां नांवाच्या लेखनांत चूक होणें, आणि अशाच कांहीं. अशा चुकांसाठीं माल अडकवून न ठेवतां एकूण एक हजार रुपये दंड घेऊन गाडी सोडावी, असें त्यांत सांगितलें आहे. चालकाच्या पिशवींत ज्या कागदाला जागा असावी, असा हा कागद आहे. आणि माल पाठविणाऱ्यानेंच तो त्याला समजावून द्यावा.

या सर्व इतिहासांत एक योगायोग मोठा मार्मिक आहे. ज्या मिठासाठीं १६७१ सालीं कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र गेलें, ज्यासाठीं १८७८ चा तह झाला आणि शिरोड्यास लोकांनीं मार खाल्ला, त्या मिठावर आज वस्तु व सेवा कर नाहीं, आणि त्याला ई-वे बिलहि लागत नाहीं. बारदेशचें मीठ आज बांद्यावरून घाटावर नेलें, तर तें कोठलें, हें कोणी जकातीसाठीं विचारणार नाहीं.

मिठाच्या वांट्याला आलेली ही मोकळीक सर्व मालाच्या वांट्याला येणार नाहीं. राज्य चालावयाचें तर कर हवा, आणि कर म्हटला कीं कागद आलाच. मागणें एवढेंच आहे, कीं ज्यानें कागद लिहिला त्यानेंच त्याचा जाब द्यावा. दोनशें वर्षांपूर्वींच्या हुंडेकऱ्याला हें कळलें होतें. पुढल्या वेळीं बांद्याच्या रस्त्याच्या कडेला एखादी मालमोटार उभी दिसली आणि तिच्या सावलींत कोणी मनुष्य फोनवर मालकाची वाट पाहत बसलेला दिसला, तर तो कोणाच्या चुकीचा जाब देत असेल, एवढा विचार आपण मनांत आणावा.